गरम होऊन बंद पडणारा जुना ट्रक : आधी ठिणगी तपासा

महोदय,

विंटेज गाड्यांच्या रॅलीच्या निमित्ताने आपल्या रविवार पुरवणीत जुन्या पेट्रोल ट्रकांविषयी मजकूर आला. एरवी त्याला जागाच मिळत नाही, त्यामुळे आनंद झाला. मात्र त्यातल्या एका सल्ल्याबद्दल लिहायलाच हवे. घाटात गरम होऊन ट्रक बंद पडला की तो व्हेपर लॉकच (नळीत पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा तुटणे) समजावा, पंपावर ओले फडके टाकून अर्धा तास थांबावे आणि दोष इथेनॉलच्या पेट्रोलला द्यावा, असा त्या सल्ल्याचा अर्थ होता.

अर्ध्या तासाने गाडी चालू होते, हे खरे. पण त्यावरून काही सिद्ध होत नाही. त्या अर्ध्या तासात पंप निवतो, तशी ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी कॉइलही निवते, तिच्या जोडीचा कंडेन्सर निवतो, वॉल्व्हही निवतात. दोष यांपैकी कुठल्याही ठिकाणी असला, तरी गाडी चालू होणारच आणि श्रेय फडक्याला मिळणार. पुढच्या घाटात पुन्हा तेच. दरम्यान मालकाने पंपाचे किट बदललेले असते, कार्ब्युरेटर दोनदा खोललेला असतो आणि खराब कॉइल जागच्या जागी असते. गरम झाल्यावरचा दोष इंजिन गरम असतानाच सापडतो. म्हणून बंद पडल्यानंतरची पहिली पाच-दहा मिनिटे थांबण्यासाठी नाहीत, तपासण्यासाठी आहेत.

आपल्याकडे उरलेले जुने पेट्रोल ट्रक बहुतेक दोन घराण्यांचे. शिवडीला जनरल मोटर्सच्या कारखान्यात १९२८ पासून १९५४ पर्यंत जुळणी होत असे, तिथल्या शेव्हरोलेट. आणि १९४४ साली स्थापन झालेल्या प्रीमियरच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या डॉज, फार्गो. शेव्हरोलेटचे २१६ घनइंचाचे ओव्हरहेड वॉल्व्हचे सहा सिलिंडर, डॉजचे फ्लॅटहेड (वॉल्व्ह ब्लॉकमध्येच असलेले) सहा सिलिंडर. दोन्ही मूळची सहा व्होल्टची. शेव्हरोलेटला निगेटिव्ह अर्थ (म्हणजे बॅटरीचे निगेटिव्ह टोक गाडीच्या लोखंडाला), डॉजला पॉझिटिव्ह. हा तपशील पुढे कामाला येतो.

पहिली खूण ड्रायव्हरलाच कळलेली असते. चावी बंद केल्यासारखे इंजिन एकदम मेले, तर संशय करंटवर. आधी दम गेला, गचके दिले, चोक ओढल्यावर किंचित सावरले आणि मग बंद पडले, तर संशय पेट्रोलवर. ही खूण दर वेळी बरोबर निघेलच असे नाही, पण सुरुवात कुठून करायची ते सांगते.

दुसरी खूण डॅशबोर्डवर आहे आणि तिला एकही पाना लागत नाही. चावी लावून सेल्फ मारताना ॲमीटरकडे पाहा. पॉइंट (कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) मिटतात-उघडतात तसा काटा डिस्चार्जच्या बाजूला फडफडला पाहिजे. काटा शून्यावरच बसून राहिला, तर कॉइलपर्यंत करंट पोहोचत नाही किंवा पॉइंट मिटतच नाहीत. काटा तीन-चार अँपिअरवर चिकटून राहिला, तर पॉइंट उघडत नाहीत किंवा कुठेतरी अर्थ झाले आहे. बहुतेकांच्या गाडीत हा काटा असतो आणि बहुतेकजण त्याच्याकडे फक्त चार्जिंग बघायला पाहतात.

आता ठिणगी. डेल्कोच्या (डिस्ट्रिब्युटरच्या) टोपणातून मधली एच.टी. म्हणजे कॉइलकडून येणारी जाड वायर काढा, तिचे टोक ब्लॉकच्या स्वच्छ लोखंडापासून दोन सूत, म्हणजे पाव इंचावर धरा आणि सेल्फ मारायला सांगा. हे कार्ब्युरेटरपासून लांब, पेट्रोल कुठे गळत नाही ना हे पाहूनच करायचे. निळी, टपटप आवाज करणारी ठिणगी पडली पाहिजे. पिवळी, बारीक, मधूनच दांडी मारणारी ठिणगी म्हणजे ठिणगी नाहीच असे समजा. उघड्या हवेत ती पडते, पण सिलिंडरमधल्या दाबाखाली पडत नाही. ‘करंट आहे की!’ म्हणून इथेच फसगत होते.

ठिणगी नसेल किंवा अशक्त असेल, तर टेस्ट लॅम्प कॉइलच्या दोन लहान टर्मिनलांवर आळीपाळीने लावा. चावीच्या बाजूच्या टर्मिनलवर दिवा लागलाच पाहिजे. नाही लागला तर चावी, ॲमीटरच्या मागचे नट किंवा मधली वायर यांत घोळ. डेल्कोच्या बाजूच्या टर्मिनलवर सेल्फ मारताना दिवा लुकलुकला पाहिजे. न लुकलुकता लागलेलाच राहिला, तर पॉइंट मिटत नाहीत किंवा डेल्कोच्या आतली लवचिक वायर तुटली आहे. ही चार-पाच सेंटिमीटरची वायर व्हॅक्यूम ॲडव्हान्सबरोबर (ठिणगीची वेळ पुढेमागे करणारी यंत्रणा) सारखी हलते. बाहेरून वेष्टण धड दिसते आणि आतल्या तारा तुटलेल्या असतात. थंडीत टोके जुळलेली राहतात, उष्णतेने वेष्टण ढिले पडले की सुटतात. ओढून पाहिली आणि रबरासारखी ताणली गेली, की समजा ती संपली. दिवा अजिबातच लागला नाही, तर पॉइंटचा टेकू झिजून ते उघडायचे थांबले आहेत किंवा कंडेन्सर शॉर्ट आहे. पॉइंटचा गॅप शेव्हरोलेटला १८ थाउ (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), डॉजला २० थाउ. फिलर गेज घालून बघा. डोळ्यांनी नको.

दिवा नीट लुकलुकतो आणि तरी ठिणगी नाही, अशा वेळी आरोपी दोनच उरतात : कंडेन्सर आणि कॉइल. गरम झाल्यावर बंद पडणाऱ्या पेट्रोल इंजिनांत सर्वांत जास्त वेळा यांतलाच एक दोषी निघतो, असे आमचे मत आहे. कंडेन्सर बदलून पाहायला डेल्को खोलायची गरज नाही. जुन्या कंडेन्सरची वायर सोडवा, नवा बाहेरच धरा : त्याचे शेपूट कॉइलच्या डेल्कोकडच्या टर्मिनलला आणि अंग लोखंडाला. ठिणगी निळी झाली तर काम झाले. जुनी वायर न सोडवता नवा जोडून पाहिला, तर शॉर्ट झालेला जुना कंडेन्सर नव्यालाही निकामी ठरवतो, एवढे लक्षात ठेवा. कंडेन्सरची क्षमता साधारण ०.१८ ते ०.२६ मायक्रोफॅरड असते. मीटरवर आकडा बरोबर आला म्हणजे तो चांगला, असेही नाही, कारण बिघाड बहुधा इन्सुलेशनच्या गळतीचा असतो आणि ती तापल्यावरच दिसते. ‘ओरिजिनल, सीलबंद, चाळीस वर्षांचा’ म्हणून चढ्या भावाने मिळणारा कंडेन्सर तर मुळीच घेऊ नका. आतला कागद ओल धरतो. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारा ०.२२ मायक्रोफॅरड, ६३० व्होल्टचा फिल्म कपॅसिटर लहानशा डबीत घालून डेल्कोच्या बाहेर, गरमीपासून दूर बसवला तर वर्षानुवर्षे त्रास देत नाही. मूळपणाचा आग्रह असेल, तर जुने अंग आत राहू द्या, फक्त वायर जोडू नका.

कॉइलच्या बाबतीत एक गफलत इतकी सर्रास दिसते की तिच्यावर थोडे सविस्तर लिहितो. सहा व्होल्टच्या गाडीला सेल्फ जोरात फिरावा म्हणून बारा व्होल्टची बॅटरी बसवतात. दिवे बदलतात, हॉर्न बदलतात, कॉइल तीच राहते. सहा व्होल्टच्या कॉइलचा प्रायमरी रोध दीड ओमच्या आसपास. सहा व्होल्टला पॉइंट मिटलेले असताना तिच्यातून चार अँपिअर जातात, बाराला आठ. करंट दुप्पट, उष्णता चौपट. गाडी सकाळी झकास चालते, कारण ठिणगी नेहमीपेक्षा जोरदार असते. अर्ध्या-पाऊण तासाने कॉइलला हात लावता येत नाही, आतले इन्सुलेशन ढिले पडते, पॉइंट जळून निळे-काळे होतात आणि गाडी घाटाच्या मध्यावर थांबते. खापर फुटते पेट्रोलवर.

उपाय दोन. एक तर तीन ओमची बारा व्होल्टची कॉइल लावा. दुकानदाराच्या तोंडावर विश्वास न ठेवता काउंटरवरच मीटर लावून बघा, कारण दीड ओमची कॉइलसुद्धा ‘बारा व्होल्टची’ म्हणूनच विकली जाते आणि तिला बॅलास्ट (करंट कमी करणारा जादा रोध) लागतो. किंवा जुनी कॉइल ठेवून तिच्यामागे दीड ओमचा, निदान ५० वॅटचा बॅलास्ट रेझिस्टर लावा. तो स्वतः चांगलाच तापतो, म्हणून पत्र्यावर कसा, वायरिंगच्या जुडीजवळ नको. डॉजची बॅटरी बदलताना पॉझिटिव्ह अर्थचे निगेटिव्ह केले असेल, तर कॉइलच्या दोन्ही लहान वायरींची अदलाबदल करायला विसरू नका. उलट्या पोलॅरिटीची कॉइल चालते, पण प्लगला ठिणगी पाडायला जास्त व्होल्टेज लागते आणि कॉइल तापल्यावर तेवढे तिच्याकडे नसते.

कॉइल मीटरने तपासताना तीही गरम असतानाच तपासा. तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.३९ टक्क्याने वाढतो, म्हणून ३० अंशांना दीड ओम दाखवणारी कॉइल ९० अंशांना १.८५ दाखवेल. हे स्वाभाविक आहे, घाबरू नका. आकडा अनंतावर गेला किंवा उड्या मारू लागला, तर कॉइल भंगारात. आणि बंद पडलेल्या गाडीची चावी लावलेली ठेवून बॉनेट उघडू नका. पॉइंट मिटलेल्या स्थितीत थांबले असतील तर कॉइल फुकट भाजत राहते.

ठिणगी निळी आणि दणदणीत असेल, तेव्हाच पेट्रोलकडे वळा. एअर क्लीनर काढा, चावी बंद ठेवा, ॲक्सिलरेटर एकदा पूर्ण दाबा आणि कार्ब्युरेटरच्या नरड्यात बघा. पिचकारी आली, तर बाउलमध्ये (कार्ब्युरेटरच्या पेट्रोलच्या वाटीत) पेट्रोल आहे. काहीच आले नाही, तर पुरवठा थांबला आहे. आणि न दाबताच नोझलमधून पेट्रोल ठिबकत असेल, तर बाउलमधले पेट्रोल उकळून मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरकडे जाणाऱ्या नळांत) सांडते आहे. हा व्हेपर लॉक नव्हे, उलटाच प्रकार : पेट्रोल कमी पडत नाही, जास्त झाले आहे. इथे ॲक्सिलरेटर पुन्हापुन्हा मारत बसलात तर प्लग आणखी ओले होतील. ॲक्सिलरेटर तळाला दाबून धरा, वर-खाली करू नका, आणि सेल्फ मारा. काळा धूर सोडत चालू होईल. मग घरी जाऊन फ्लोटची पातळी आणि कार्ब्युरेटरखालचे जाड फायबरचे पॅकिंग बघा. पुष्कळदा त्या जागी कुणीतरी साधा कागद कापून घातलेला असतो.

रस्त्यात बाटलीने कार्ब्युरेटरच्या नरड्यात पेट्रोल ओतून सेल्फ मारायची पद्धत मात्र सोडा. बॅकफायर झाला की भुवया जातात, कधी गाडीही जाते.

पुरवठा थांबला असेल, तर सर्वांत आधी टाकीचे झाकण उघडा. हवा आत ओढल्याचा ‘फुस्स’ आवाज आला, तर झाकणाचे भोक बुजले आहे. टाकीत पोकळी तयार होऊन एसी पंपाला (इंजिनवरच्या पेट्रोल पंपाला) पेट्रोल ओढता येत नाही. हा दोष गरमीचा नाहीच. टाकी रिकामी होण्याशी त्याचा संबंध, म्हणजे ठरावीक अंतराने तो येणारच आणि तोवर इंजिन गरम झालेलेच असते. टाकीतल्या गंजाचेही तसेच. चालताना गाळ नळीच्या तोंडाशी जमतो, थांबल्यावर खाली बसतो, आणि अर्ध्या तासाने गाडी मुकाट्याने चालू होते. थंडीच्या पहाटे सपाट रस्त्यावरही तेवढ्याच अंतराने गाडी थांबते का, हे पाहिले की गरमीचा प्रश्न निकालात निघतो.

मग पंपाच्या आधीची रबरी नळी. ही ओढणारी बाजू आहे. इथे चीर पडली तर पेट्रोल गळत नाही, हवा आत जाते, म्हणून बाहेरून काही दिसत नाही. तापल्यावर रबर मऊ पडते, चीर उघडते किंवा नळी आतून चिकटते. इथेनॉलचा खरा उपद्रव इथे आहे. जुन्या रबराला आणि पंपाच्या डायफ्रामला ते फुगवते, मऊ करते. इथेनॉलला टिकणारी नळी आणि तसलेच डायफ्राम घाला. डायफ्राम फाटल्यावर पेट्रोल क्रँककेसमध्ये उतरते, तेव्हा डिपस्टिक काढून वास घ्या. ऑइलची पातळी वाढलेली आणि वास पेट्रोलचा, अशी गाडी चालू करू नका. बेअरिंग जातील.

कार्ब्युरेटरकडची नळी सोडवून बाटलीत धरा, एच.टी. वायर अर्थ करा आणि सेल्फ मारा. दर ठोक्याला भरीव पिचकारी हवी. फेस आणि बुडबुडे येत असतील तर हवा किंवा वाफ. दाब ३ ते ५ पीएसआयच्या (दर चौरस इंचाला पौंड) दरम्यान असावा.

एवढे झाल्यावर जे उरते, तो खरा व्हेपर लॉक. तो असतोच, आम्ही नाकारत नाही. पेट्रोलचे सर्वांत हलके घटक ३५-४० अंशांपासूनच वाफ होऊ लागतात आणि मे महिन्यात बॉनेटखाली त्याच्या दुप्पट तापमान सहज असते. हा प्रकार चढण संपवून थोडे थांबल्यावर जास्त होतो, कारण पंखा थांबतो आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डची धग नळ्यांवर येते. डॉज-फार्गोच्या फ्लॅटहेड इंजिनात तर पंप एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या खालीच आहे. कंपनीने मध्ये पत्र्याची ढाल दिली होती. कधीतरी काढलेली ती ढाल कुणी परत बसवत नाही. पत्रा कापून करून घ्या, खर्च नगण्य आहे. दुसरी जागा मॅनिफोल्डच्या पोटातली हीट कंट्रोल झडप. थंडीत ती एक्झॉस्टची ऊब कार्ब्युरेटरखाली वळवते आणि गरम झाल्यावर स्प्रिंगने उघडते. गंजून मिटलेल्या स्थितीत अडकली, तर कार्ब्युरेटर कायम चुलीवर. इंजिन थंड असताना तिच्या दांडीवरचे वजन बोटाने हलले पाहिजे. नाही हललेच तर रॉकेलमध्ये ग्रॅफाइटची पूड कालवून दांडीवर सोडा, हलक्या हाताने ठोका. इंजिन ऑइल घालू नका, ते जळून दांडी आणखी पकडते.

ई-२० पेट्रोलबद्दल थोडे. शुद्ध पेट्रोलला एका भागास हवा १४.७ भाग लागते, २० टक्के इथेनॉल असलेल्याला सुमारे १३.५. जुन्या कार्ब्युरेटरचा जेट (पेट्रोल मापून सोडणारे भोक) ठरलेला, त्यामुळे मिश्रण सात-आठ टक्के पातळ होते. इंजिन पिकअपला अडखळते आणि एक्झॉस्ट जास्त तापतो. प्लगचे टोक पांढरे पडले असेल तर मेन जेट एक नंबर मोठा लावा, बिस्किटी रंग येईपर्यंत. त्रास खरा आहे. पण ई-२०ने कॉइल जळत नाही आणि टाकीच्या झाकणाचे भोकही बुजत नाही.

ठिणगी आहे, पेट्रोल आहे आणि तरी गरम इंजिन स्लोला मरते, तर टॅपेट (वॉल्व्हपाशी ठेवायची फट) बघा. गरम एक्झॉस्ट वॉल्व्ह लांब होतो. फट कमी ठेवली असेल तर तो पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन जाते. शेव्हरोलेट २१६ ला गरम असताना इनलेट ६ थाउ, एक्झॉस्ट १३ थाउ. आवाज नको म्हणून फट कमी ठेवणारे मिस्त्री वॉल्व्ह जाळतात. मॅनिफोल्डला व्हॅक्यूम गेज लावलात तर समुद्रसपाटीला काटा पाऱ्याच्या १७ ते २१ इंचांवर स्थिर हवा. ठरावीक ठेक्यात इंच-दोन इंच खाली येत असेल तर एक वॉल्व्ह बसत नाही. महाबळेश्वरसारख्या ठिकाणी तपासताना दर हजार फुटांना एक इंच वजा धरा, नाहीतर चांगल्या इंजिनाचे हेड उतरवाल.

तापमानाचा काटा ठीक दाखवतो आणि तरी इंजिन जड पडते, असा डॉज असेल तर वॉटर पंपाच्या मागची पत्र्याची लांब नळी तपासा. ती ब्लॉकच्या आत पाणी मागच्या सिलिंडरांपर्यंत नेते. गंजून फुटली की पुढचे सिलिंडर गार, पाचवा-सहावा तापलेला. रेडिएटर आणि वॉटर पंप उतरवल्याशिवाय ती निघत नाही, म्हणून कुणी हात लावत नाही. नवी पितळेची किंवा स्टेनलेसची घाला.

रस्त्यात दोष सापडला नाही तर घरी तो मुद्दाम घडवून आणता येतो. थंड इंजिन स्लोला चालू ठेवा आणि केस वाळवायच्या ड्रायरने एकेक भाग तापवा : आधी कॉइल, मग डेल्कोतला कंडेन्सर, ७०-८० अंशांपर्यंत. ज्याला तापवल्यावर इंजिन अडखळते, तो दोषी. पेट्रोलच्या नळ्या आणि पंप यांना ड्रायर लावू नका. त्यांच्यासाठी फडके उलट वापरायचे : इंजिन गरम होऊन बंद पडले असताना फक्त पंपावर ओले फडके ठेवा आणि दोन मिनिटांत सेल्फ मारा, बाकी सगळे गरम असतानाच. चालू झाली तर पंप किंवा नळी. नाही झाली तर फडके कॉइलवर ठेवा, पुन्हा दोन मिनिटे. तापलेल्या मॅनिफोल्डवर पाणी पडू देऊ नका, बीड तडकते.

सगळ्यांवर एकच उतारा म्हणून हल्ली इलेक्ट्रिक पंप बसवतात. खरा व्हेपर लॉक असेल तर त्याचा उपयोग होतो, पण तो टाकीजवळ, खालच्या बाजूला बसवला तरच. बॉनेटखाली बसवलेला पंप वाफच ढकलतो. दाब ४ पीएसआयच्या आत ठेवा, फार वाढला तर बाउलचे तोंड बंद करणारी निडल पेट्रोल अडवू शकत नाही आणि कार्ब्युरेटर वाहतो. आणि ऑइल प्रेशर गेल्यावर पंप बंद करणारा स्विच त्याच्या वायरीत असलाच पाहिजे. अपघातात इंजिन थांबले आणि पंप चालूच राहिला, तर तो टाकी रस्त्यावर रिकामी करेल.

– जुन्या पेट्रोल गाड्यांवर काम करणारे काही मिस्त्री, पुणे